कांगारू म्हणजे ‘मला कळत नाही’ नव्हे

सामान्यज्ञानाच्या पुस्तकांपासून ते व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ‘तुम्हांला ठाऊक आहे का?’ छापाच्या मजकुरापर्यंत एक किस्सा वर्षानुवर्षे फिरत आहे. कॅप्टन कुक ऑस्ट्रेलियात उतरला, उड्या मारत जाणाऱ्या एका प्राण्याकडे बोट दाखवून त्याने ‘हे काय?’ असे विचारले, समोरचा आदिवासी ‘कांगारू’ म्हणाला, म्हणजे आदिवासींच्या भाषेत ‘तू काय बोलतोस ते मला कळत नाही’, आणि कुकने तेच प्राण्याचे नाव समजून लिहून घेतले. किस्सा खुसखुशीत आहे हे मान्य. मात्र त्यातील जवळजवळ प्रत्येक विधान पडताळून पाहता येते आणि पडताळल्यावर ते टिकत नाही.

पहिले विधान भेटीविषयीचे आहे. किस्सा ऐकून असे वाटते की, किनाऱ्यावर पाय ठेवताच एका प्रश्नोत्तरात सगळे आटोपले. प्रत्यक्षात कुकचे ‘एन्डेव्हर’ जहाज ११ जून १७७० रोजी रात्री ग्रेट बॅरियर रीफच्या प्रवाळावर आदळले, त्याच्या तळाला भोक पडले आणि डागडुजीसाठी ते क्वीन्सलंडमधील एका नदीच्या मुखाशी आणावे लागले. आज तेथे कुकटाउन हे गाव आहे. हा मुक्काम जवळजवळ सात आठवडे लांबला. जहाजावरच्या मंडळींनी हा चमत्कारिक प्राणी जूनमध्येच पाहिला होता, स्थानिक लोकांशी बोलणेचालणे मात्र जुलैत सुरू झाले. निसर्गाभ्यासक जोसेफ बँक्स याच्या रोजनिशीत ‘कांगुरू’ हा शब्द १२ जुलैच्या नोंदीत येतो आणि १४ जुलैला लेफ्टनंट गोर याने असा एक प्राणी बंदुकीने टिपला. याच मुक्कामात शरीराच्या अवयवांपासून अनेक गोष्टींसाठीचे स्थानिक शब्द विचारून त्यांची यादी तयार झाली. तेव्हा वाटेत कोणीतरी कानावर घातलेला हा एखादा सुटा शब्द नव्हता.

दुसरे विधान अर्थाचे, आणि खरा वाद तेथेच आहे. ज्यांच्याकडून शब्द घेतला त्या लोकांची भाषा गूगू यिमिदिर असून ती आजही बोलली जाते. भाषाशास्त्रज्ञ जॉन हॅविलँड यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी कुकटाउनजवळच्या होपवेल येथे ही भाषा बोलणाऱ्यांमध्ये राहून काम केले, तेव्हा तो शब्द त्यांना जागच्या जागी सापडला. तो एका विशिष्ट जातीच्या मोठ्या कांगारूचे नाव आहे. मराठी वाचकाला येथे एक सोय आहे. त्या शब्दाच्या मध्यभागी जो अनुनासिक उच्चार आहे, तो आपल्या वर्णमालेतील ‘ङ’ होय. एरवी ‘वाङ्मय’ सोडले तर आपण त्याला फारसे विचारत नाही, पण येथे तो स्वराला जोडूनच येतो : ‘गङुरु’. कुकच्या मंडळींच्या कानाला त्या ‘ङ’च्या मागे आणखी एक ‘ग’ ऐकू आला, एवढाच काय तो त्यांचा दोष.

मग ‘कळत नाही’ ही गोष्ट आली कोठून? तिच्यामागील शंका अगदीच निराधार नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. फिलिप पार्कर किंग हा नाविक अधिकारी १८२० मध्ये त्याच नदीवर गेला आणि त्याने पुन्हा शब्द विचारले. बाकीचे शब्द कुकच्या यादीशी जुळले. कांगारूसाठी मात्र त्याला ‘मीनुआ’ असे काहीतरी वेगळेच उत्तर मिळाले. त्यामुळे कुकची फसगत झाली असावी, या तर्काला बळ मिळाले. पण त्या भाषेत ‘मिन्हा’ म्हणजे खाण्याजोगा प्राणी, मांस. मासळीबाजारात कोळिणीच्या पाटीतील एका मासळीकडे बोट दाखवून एकाने नाव विचारले आणि ती ‘सरंगा’ म्हणाली. पन्नास वर्षांनी दुसऱ्याने विचारले आणि तिच्या नातीने ‘म्हावरं’ असे उत्तर दिले, तर पहिला मूर्ख ठरतो काय? दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, कारण एक जातीचे नाव आहे आणि दुसरे खाद्याचे. शिवाय या भाषेत कांगारूच्या निरनिराळ्या प्रकारांना निरनिराळी नावे आहेत. सगळ्यांना मिळून एकच नाव हवे, ही अपेक्षा विचारणाऱ्याची होती.

तिसरी चूक ‘आदिवासींच्या भाषेत’ या शब्दप्रयोगात दडलेली आहे, आणि ती मला सर्वांत खटकते. १७८८च्या सुमारास त्या खंडात अडीचशेहून अधिक भाषा बोलल्या जात होत्या. त्या वर्षी इंग्रजांनी सिडनीला वसाहत केली, ती कुकटाउनच्या दक्षिणेस सुमारे २,००० किलोमीटरवर. आलेल्या लोकांनी कुकचा ‘कांगारू’ बरोबर आणला होता आणि तो येथल्यांचाच शब्द आहे, अशा समजुतीने ते तो सिडनीच्या मूळ रहिवाशांपुढे वापरू लागले. त्यांच्या भाषेत मोठ्या करड्या कांगारूला ‘पटगरंग’ म्हणत. ‘कांगारू’ त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. अर्थात गैरसमज झाला, पण किस्सा सांगतो त्याच्या नेमका उलट दिशेने. वॉटकिन टेंच या अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे की, ‘गॉर्गन’ जहाजातून आणलेल्या गाई त्याने कोलबी नावाच्या स्थानिक माणसाला दाखवल्या, तेव्हा कोलबीने त्यालाच विचारले : हे कांगारू आहेत का?