गाडी कुठवर आली, एवढं तरी सांगा

माझ्या मावसभावाची गाडी पाच आठवडे वर्कशॉपमध्ये पडून आहे. सिग्नलला मागून धडक बसली, डिकीचा दरवाजा आणि बंपर गेला. क्लेम कॅशलेस आहे, सर्व्हेअर येऊन फोटो काढून गेलाय. "शुक्रवारी मिळेल" हे त्याने आतापर्यंत चार वेळा ऐकलंय. परवा घरच्या ग्रुपवर त्याने वैतागून लिहिलं, "आपल्याकडे दिलेल्या शब्दाची कुणाला चाडच नाही. ताई, तुमच्याकडे असं चालत नसेल ना?" त्याखाली सगळ्यांचे अंगठे पडले.

मला गप्प बसवेना. गेल्या वर्षी इथे, कॅलिफोर्नियात, माझी गाडी एका बॉडी शॉपमध्ये ४१ दिवस होती. सांगितले होते १०.

पहिला आठवडा मी निवांत होते. दुसऱ्या आठवड्यात फोन केला तर रेकॉर्ड केलेला आवाज, निरोप ठेवला, उत्तर नाही. पुन्हा केला तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, विमा कंपनीची मंजुरी यायची आहे. विमा कंपनीला विचारलं तर ते म्हणाले, शॉपकडून कागदच आले नाहीत. ही टोलवाटोलवी तीन आठवडे चालली. माझ्या पॉलिसीत भाड्याच्या गाडीचे ३० दिवस होते. ते संपले त्या दुपारी मी न सांगता तिथे जाऊन उभी राहिले.

गाडी मागच्या आवारात उन्हात होती. डाव्या बाजूचा फेंडर काढलेला, हेडलाइटच्या जागी खोबण आणि त्यातून लोंबणाऱ्या वायरी. बंपर मागच्या सीटवर, माझ्या मुलीच्या कारसीटला टेकवून ठेवलेला. सगळे स्क्रू एका प्लास्टिकच्या पिशवीत भरून काचेला चिकटपट्टीने लावले होते आणि पट्टीवर मार्करने तारीख होती. ती तारीख २२ दिवसांपूर्वीची होती. म्हणजे गाडी उघडली त्या दिवसानंतर तिला कुणी हातही लावला नव्हता, आणि त्या २२ दिवसांत मला तीनदा "काम चालू आहे" असं सांगण्यात आलं होतं.

माझा राग उशिरावर नव्हता, त्या तीन उत्तरांवर होता. उशीर का होतो हे नंतर मी नीट समजून घेतलं, आणि त्यातला बराचसा मला पटतोही. पहिलं एस्टिमेट फक्त वरून दिसणाऱ्या नुकसानीचं असतं. बंपर उतरवला की आतला बार वाकलेला दिसतो, हेडलाइटचा ब्रॅकेट तुटलेला सापडतो. मग वाढीव एस्टिमेट, ज्याला इथे सप्लिमेंट म्हणतात, ते विमा कंपनीकडे जातं. मंजुरी आली की पार्ट मागवायचा. पार्ट आला की रंग, आणि रंगाची छटा जुळावी म्हणून शेजारच्या दरवाजावरही हलका हात मारावा लागतो. शेवटी बंपरमागच्या रडारचं कॅलिब्रेशन. यातलं काहीही घाईने करून घेण्यात शहाणपण नाही. रंग घाईत उरकला तर वर्षभरात पापुद्रे सुटतात, आणि रडार चुकीच्या कोनात बसला तर त्याच्या इशाऱ्यावर आपोआप लागणारा ब्रेक भलत्या वेळी लागू शकतो.

पण या साखळीत दर टप्प्याला गाडी एका माणसाच्या टेबलावरून दुसऱ्याच्या टेबलावर जाते, आणि मालकाला कळवणं हे कुणाच्याच टेबलावर नसतं. माझं सप्लिमेंट शॉपच्या कॉम्प्युटरवर तयार होऊन पडलं होतं, पाठवायचं राहिलं होतं. कुणी मला एकदा जरी फोन करायचं ठरवलं असतं, तर फोन करण्याआधी त्याने ती फाइल उघडली असती आणि चूक त्याच दिवशी सापडली असती. ग्राहकाला माहिती देणं हा वरवरचा शिष्टाचार आहे असं मी आता मानत नाही. तो कामावर लक्ष ठेवण्याचाच भाग आहे.

मग इथे काहीच बरं नाही का? आहे, आणि तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. कॅलिफोर्नियात १९७१ पासून वाहनदुरुस्तीचा स्वतंत्र कायदा आहे, आणि त्याची अंमलबजावणी करणारं सरकारी खातं आहे. लेखी एस्टिमेट दिल्याशिवाय शॉपला काम सुरू करता येत नाही. त्यापेक्षा खर्च वाढणार असेल तर आधी ग्राहकाची संमती हवी. ती फोनवर घेतली तर तारीख, वेळ आणि होकार देणाऱ्याचं नाव नोंदवावं लागतं. बॉडीचा पार्ट मूळ कंपनीचा आहे की दुसऱ्या कुणाचा, हेही लिहावं लागतं. पैशाच्या बाबतीत मला कुणी अंधारात ठेवलं नाही. दिवसांच्या बाबतीत ठेवलं, कारण माझ्या कागदावर वाढीव खर्चाला रकाना होता, वाढीव दिवसांना नव्हता.

म्हणून "आपली माणसंच तशी" हे वाक्य मला सोसत नाही. ते बोलून मन हलकं होतं, पण वर्कशॉपमधला, ग्राहकाशी बोलायची जबाबदारी असलेला सर्व्हिस ॲडव्हायझर सुटतो. दोष स्वभावाचा ठरला की जॉब कार्डवर, म्हणजे गाडीच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, काय लिहिलं होतं हे कुणी विचारतच नाही.

तिकडे भारतात दुरुस्तीच्या हक्काची, म्हणजे आपली वस्तू कंपनीबाहेरही दुरुस्त करून घेता यावी याची, चर्चा चालू आहे याचा मला आनंद आहे. स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना दंड केला, तो स्वतंत्र गॅरेजना सुटे भाग आणि तांत्रिक माहिती मिळू देत नव्हते म्हणून. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. हे सगळं हवंच. पण ही चर्चा पार्ट कुणाला मिळावा इथवर येऊन थांबते. तो पार्ट मागवला की नाही हे गाडीच्या मालकाला कळावं, हा हक्क त्यात कुणी मांडताना दिसत नाही. खरं तर त्याला आधार आपल्याच कायद्यात आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतल्या त्रुटीची व्याख्या दिली आहे, आणि ग्राहकाला संबंधित माहिती जाणूनबुजून न देणं हे त्या व्याख्येत स्पष्ट लिहिलेलं आहे. मी हे वाचलं तेव्हा पुन्हा एकदा वाचून खात्री केली. इतकं नेमकं वाक्य आपल्याकडे आहे आणि आपण फोनवर आवाज चढवून दमतो.

मावसभावाला मी रात्री फोन केला. म्हटलं, "उद्या वर्कशॉपला जाऊ नकोस, ईमेल कर. तीनच प्रश्न विचार. कुठले पार्ट लागणार आणि त्यांची ऑर्डर कुठल्या तारखेला गेली? वाढीव एस्टिमेट सर्व्हेअरला कधी पाठवलं? यापुढे कुठल्या दोन वारी तुम्ही मला कळवणार, काही नवीन नसलं तरी? विमा कंपनीला कॉपी ठेव. दोन दिवसांत उत्तर नाही आलं तर १९१५ ला, ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार नोंदव."

तो म्हणाला, "ताई, भांडण वाढेल."

"विचारणं म्हणजे भांडण नाही रे," मी म्हटलं.

आज सकाळी त्याने मला उत्तराचा फोटो पाठवला. डिकीच्या दरवाजाची ऑर्डर काल, त्याचा ईमेल गेल्यावर, दुपारी तीन वाजता टाकली होती.