नावं पडतानाच भीती सुरू होते
थरारपटातला ताण पहिल्या प्रसंगाआधीच, श्रेयनामावलीत तयार होतो, हे तुमच्या लेखातलं म्हणणं अगदी पटलं. पण सगळं श्रेय चित्रांना दिलंत, संगीत राहूनच गेलं. 'सायको' (१९६०) घ्या. त्याची श्रेयनामावली रचणाऱ्या सॉल बासने पडद्यावर फक्त पट्टे सरकवलेत. आडवे, उभे, नावं कापत जाणारे. रक्त नाही, सुरा नाही. पण संगीतकार बर्नार्ड हरमनची तंतुवाद्यं अशी सपासप चालतात की जीव तिथेच टांगणीला लागतो. आवाज बंद करून बघा, नुसते पट्टे उरतात.

'सेव्हन' (१९९५) ची युक्ती वेगळी. काइल कूपरने रचलेल्या त्या श्रेयनामावलीत खुन्याचे हात वही शिवताना, बोटांची कातडी पात्याने तासताना दिसतात, चेहरा नाही. खुन्याची भूमिका करणाऱ्या केव्हिन स्पेसीचं नावही सुरुवातीला मुद्दाम ठेवलेलं नाही, म्हणजे प्रेक्षकाला अंदाजच बांधता येऊ नये. केवढा विचार!

आपल्या नागपुरात मात्र नावं पडत असताना लोक पॉपकॉर्न घेऊन आत येतात, मोबाईलच्या टॉर्चने सीट शोधतात. भाऊ, कळकळीची विनंती आहे, सीताबर्डीच्या ट्रॅफिकचा हिशेब धरून घरून थोडं लवकर निघत जा.