नाही देत!

परवा घोडबंदर रोडवरच्या एका हॉलात लग्न होतं. व्हॅलेवाल्या पोराकडे किल्ली सोपवून मी रुबाबात आत निघालो. चार पायऱ्या चढतो न चढतो तोच तो मागून पळत आला. "साहेब, तुम्हीच लावा. हिचा क्लच कुठं पकडतो तेच कळत नाही." मागे मोठमोठ्या गाड्यांची रांग. शेरवानीतले दोघं हसले. त्यातला एक आमच्याच बाजूचा होता.

गाडी २०१० ची, एमएच ०४. पंधरा वर्षं भरल्यावर पाच हजार भरून रजिस्ट्रेशन पाच वर्षांनी वाढवून घेतलंय, म्हणजे सरकारच्या लेखी ती २०३० पर्यंत धडधाकट. मेकॅनिकनं क्लच प्लेट, लोअर आर्म आणि एसीचा कंप्रेसर मिळून ४२ हजार सांगितले. वर "टचस्क्रीन टाका, नवीन वाटेल," हा सल्ला फुकट. बायको म्हणाली, "टचस्क्रीन बसेल, एअरबॅग कुठून बसवणार?" मला उत्तर सुचलं नाही, म्हणून रविवारी खारघरला सेकंडहॅन्ड गाडी बघायला गेलो.

मालक म्हणजे एक निवृत्त काका. गाडी २०१९ ची, फक्त १४ हजार किलोमीटर चाललेली. सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा तसंच. मीटर मागे फिरवलाय की काय, अशी शंका माझ्या तोंडावर दिसली असावी, कारण काकांनी डायरीच काढली. प्रत्येक फेरीची नोंद. 'वाशी, दाताचे डॉक्टर.' 'उत्सव चौक, चक्कर, बॅटरीसाठी.' एका पानावर नुसतं 'पनवेल. नाहक.'

मी किमतीवर येणार तोच त्यांनी माझीच चौकशी सुरू केली.

"राहता कुठे?"

"ठाण्यात. कासारवडवलीला."

"म्हणजे घोडबंदर." डायरी मिटली.

"हो, पण मी सावकाश चालवतो."

"तिथं कोण जोरात चालवतो? रात्री गाडी कुठे असते?"

"सोसायटीत. उघड्यावर."

"झाडाखाली?"

"बदामाच्या."

"कावळे?"

मी मान खाली घातली. आतून काकू म्हणाल्या, "अहो, द्या ना एकदाची, पार्किंग तरी मोकळं होईल!" काकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "आत्ता कशातून आलात?"

मी गॅलरीतून खाली बोट दाखवलं. आमची गाडी त्यांच्या नव्या फरशीवर उभी होती आणि तिच्या पोटाखाली काळ्या तेलाचं थारोळं हळूहळू पसरत होतं.

काका बराच वेळ बघत राहिले. "पंधरा वर्षांत ही अवस्था? नाही देत. चहा घ्या हवा तर."

अवस्था मी केली का? रोड टॅक्स मी गाडी घेतानाच एकरकमी भरलाय, पंधरा वर्षांचा. टॅक्स मिळाला, रोड कुठाय? मेट्रोच्या खांबांमधून वाट काढायची, खड्ड्यात पेव्हर ब्लॉक भरलेले, आणि पहिल्या पावसात तेच ब्लॉक उखडून खालून गाडीला लागायचे. लोअर आर्म काय मी हातोड्यानं तोडला? खारघरच्या सरळसोट रस्त्यांवर डायऱ्या लिहायला काय जातंय!

हे सगळं मी मनात म्हणालो. तोंडानं चहा प्यायलो, चांगला होता.

निघताना काका फडका घेऊन खाली आले. मला वाटलं, पुसायला. फडका माझ्या हातात देऊन ते कमरेत वाकले आणि गाडीच्या मागच्या चाकाशी डोकावले.

"नटसुद्धा गंजलेत हो," ते म्हणाले.