ओरिजिनल आहे, साहेब!

तुमच्याकडे १९६५च्या आसपासची ट्रायम्फ स्पिटफायर ही विलायती स्पोर्ट्स मोटार असेल तर आधी अभिनंदन. नसेल तरी वाचून ठेवा, कोणाचे आजेसासरे कोणाच्या नावावर काय ठेवून जातील याचा नागपुरात नेम नाही. दोन सीटा, उघडं छप्पर, मिशेलोट्टी नावाच्या इटालियन माणसाने आखलेली बॉडी आणि पुढे ११४७ सीसीचं इंजिन. धरमपेठेतल्या पोर्चमध्ये ही गाडी इतकी देखणी दिसते की तिला चालवण्याची कल्पनाही कोणाच्या मनात येऊ नये. अडचण एवढीच की सरकारच्या मनात ती अधूनमधून येते.

आपल्याकडे खासगी गाडीला पहिली पंधरा वर्षं कोणी फारसं विचारत नाही. त्यानंतर मात्र दर पाच वर्षांनी आरटीओत नेऊन, दाखवून, नोंदणी वाढवून आणावी लागते. इतक्या जुन्या गाडीची पीयूसी तर दर सहा महिन्यांनी. विलायतेत हीच परीक्षा दरवर्षी असते. १९६० साली ती सुरू झाली तेव्हा दहा वर्षांपुढच्या गाड्यांपुरतीच होती, आणि २०१८पासून चाळीस वर्षांपुढच्या, फारसा फेरफार न केलेल्या गाड्यांना त्यांनी तिच्यातून मोकळंच करून टाकलं. म्हणजे ज्यांनी गाडी घडवली त्यांनीच हात टेकले. हा इतिहास इन्स्पेक्टर साहेबांना अवश्य ऐकवा. मागे ट्रकांची रांग लागलेली असते, ऊन डोक्यावर असतं, अशा वेळी माणूस नवं काही शिकायला उत्सुक असतो.

आता तयारी. केंद्रीय मोटार वाहन नियमांत फिटनेससाठी काय काय तपासायचं याची यादीच दिलेली आहे: हेडलाइट, आरसे, काचा, हॉर्न, सायलेन्सर, वायपर, ब्रेक, स्पीडोमीटर, स्टिअरिंग वगैरे. ही यादी नीट वाचा आणि तिच्यात जे नाही त्याच्यावर खर्च करा. क्रोम यादीत नाही, म्हणून बंपर मुंबईला पाठवून चकाचक करून आणा. तारांची चाकं नाहीत, ती दातांच्या ब्रशने घासा. हॉर्न यादीत आहे, तेव्हा त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. तो वाजला नाही तर म्हणायचं, "ओरिजिनल आहे, साहेब." वायपर काच पुसण्याऐवजी नुसता कुरवाळत असेल, तर तोही ओरिजिनल. स्पीडोमीटर मैलात आहे? त्यासारखी ओरिजिनल गोष्ट दुसरी नाही.

हेडलाइटबद्दल थोडं सांगायला हवं. या गाडीत वीज बनवायला अल्टरनेटर नाही, जुन्या पद्धतीचा डायनॅमो आहे. इंजिन संथ चालू असताना डायनॅमो जवळजवळ झोपलेला असतो आणि दिव्यांना समईचं तेज येतं. म्हणून दिवे तपासताना पाय ॲक्सिलरेटरवर ठेवा. साहेबांनी समोरून हात हलवला की पाय दाबायचा, आणि पाय दाबताना ब्रेक लागतोय याची खात्री करून घ्यायची. समोर साहेब आहेत.

या परीक्षेत एक गोष्ट मात्र हमखास सुटते, आणि ती कशी जपायची हे नीट समजून घ्या. पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला, अगदी खाली, ट्रनियन नावाचा ब्राँझचा एक तुकडा असतो. चाक ज्या उभ्या पोलादी दांड्यावर तोललेलं असतं, त्याच्या टोकाचे आटे या तुकड्यात बसतात, आणि स्टिअरिंग फिरवलं की ते आटे त्यात फिरतात. कंपनीने स्वच्छ लिहून ठेवलंय, इथे नव्वद नंबरचं गिअर ऑइल घाला. पण तिथे निपल दिसला की मिस्त्रीचा हात आपोआप ग्रीसगनकडे जातो. ग्रीस आत घट्ट होऊन बसतं, आट्यांपर्यंत पोचत नाही, पावसाळ्याचं पाणी मात्र पोचतं. दांड्याला आतून गंज धरतो आणि एक दिवस, बहुधा वळण घेताना, तो आट्यांपाशी मोडतो. चाक आडवं होतं आणि गाडी गुडघा टेकते.

मिस्त्रीला टोकू नका, तो दुखावेल. "भाऊ, मी हेराल्डच्या टायमापासून ग्रीसच मारून राहिलो," असं तो सांगेल, आणि ते खरंही असेल. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९६१पासून हेराल्ड ही मोटार बनवली. स्पिटफायर तिचीच धाकटी बहीण, ट्रनियनची रचना तीच. एवढी जुनी परंपरा तुम्ही का मोडता? आणि तपासणीच्या यादीत ट्रनियन या नावाचं काही नाही. हॉर्नवर नापास झालेली गाडी ट्रनियनवर बिनबोभाट पास होते. म्हणून तेल घालायच्या फंदात पडू नका. तेवढ्या वेळात डॅशबोर्डला एक हात पॉलिश होतं.

विलायतेत अशा गाड्या गंजाने जातात, कारण तिथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. आपल्याकडे मीठ फक्त तर्री पोह्यांत. इथे रबर जातं. पंचेचाळीस अंशांत दोन-चार उन्हाळे काढले की होजपाइप, बुश, बूट, वायपरचं पातं, सगळ्याला भेगा पडतात. तरीसुद्धा डेंटरकडून दारांखालच्या सिल्समध्ये पुट्टी भरून घ्याच. स्पिटफायरच्या बॉडीचा कणखरपणा या सिल्सवर असतो, त्यामुळे पोकळ पत्र्यावर पुट्टी आणि वर काळं अंडरकोटिंग हा सर्वात मनमोकळा उपाय. बोटाने वाजवून बघणारा साहेब भेटलाच, तर लगेच त्याला बॉनेट उघडून दाखवा. अख्खं नाक पुढे कलतं, दोन्ही चाकांसकट इंजिन उघडं पडतं, आणि सिल्सचा विषय संपतो.

पीयूसीला मे महिन्यात, दुपारी बाराला जा. रांगेत उभ्या उभ्या पेट्रोलची नळीतच वाफ होईल आणि गाडी बंद पडेल. मग फ्युएल पंपावर ओलं फडकं टाकून सगळ्यांसमोर वाट बघत बसा, "काहून बंद पडली, काका?" ला उत्तरं द्या. आता तपासणी यंत्राच्या नळीचं टोक सायलेन्सरात जाईल. बीएस-२ या प्रदूषण मानकाच्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला संथ चालीत कार्बन मोनॉक्साइड तीन टक्क्यांपर्यंत आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएमपर्यंत माफ आहे. इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या तुमच्या दोन एसयू कार्ब्युरेटरांचं मत याहून उदार असतं. म्हणून सेंटरच्या अलीकडच्या गल्लीत थांबून दोन्हींच्या खालचा षटकोनी नट दोन-दोन पैलू वर चढवा. पेट्रोल कमी होतं, गाडी दम्याच्या रुग्णासारखी खोकते, पण पास होते. परत त्याच गल्लीत येऊन नट दोन पैलू खाली. पर्यावरणाची चिंता करू नका, सर्टिफिकेट काढताना गाडी शुद्धच होती.

खर्चाचं विचाराल, तर २०२५च्या ऑगस्टपासून वीस वर्षांपुढच्या आयात चारचाकीला नोंदणी वाढवण्याची फी ऐंशी हजार रुपये झाली. हे ऐकून चक्कर आली असेल तर दुसरा दरवाजा उघडा आहे. २०२१ साली एकाच मंत्रालयातून, ज्याचे मंत्री आपल्याच गावचे, भंगार धोरणही आलं आणि व्हिंटेज गाड्यांचे नियमही. मधल्या वयात गाडीवर भंगाराची नजर, पन्नाशी उलटली की ती वारसा. वीस हजारांत दहा वर्षांची नोंदणी आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. अट एवढीच की ती रोज वापरायची नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, देखभाल आणि पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच बाहेर काढायची. तेव्हा फुटाळा तलावावर भुट्टा खायला जाताना पोलिसाने अडवलं, तर पेट्रोल भरायला निघालोय असं सांगा. घराजवळचा पंप सोडून लांबच का, असं विचारलं तर म्हणा, तांत्रिक संशोधन. बायको आणि पिशवी ही प्रदर्शनाची सामग्री.

तारीख घेताना पोळा कधी आहे ते मात्र बघून घ्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, इथे इडापीडा घालवायला मारबतीचे पुतळे मिरवत नेतात; तेव्हा बंद पडलेली ही गाडी चौघांनी ढकलत महाल भागातून नेली, तर "घेऊन जा गे मारबत" म्हणत पोरं मागे लागतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

एवढं सगळं केल्यावर साहेब हॉर्नवर नापास करतील. शेरा लिहून होईल, पेनचं टोपण लागेल, शेजारी उभं राहून एक फोटो निघेल, आणि मग तो प्रश्न येईलच: "ॲव्हरेज काय देते?" किलोमीटरमध्ये उत्तर देऊ नका. गॅलनला पस्तीस मैल म्हणा, आणि ते लिटरात हिशोब मांडेपर्यंत गाडी ढकलत फाटकाबाहेर काढा.