.२२३ पुरेशी? नर डुक्कर समोर आला की सांगा

लेखात म्हटलंय टेक्सासच्या रानडुकरांच्या शिकारीला .२२३ (हलक्या रायफलीचं छोटं काडतूस) पुरते, अर्धंच खरंय हो. आमचा भाचा तिकडे असतो, २०१९ पासून तिथे खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी असली की डुकरांसाठी हंटिंग लायसन्सपण लागत नाही, म्हणून जो उठतो तो हलकी रायफल घेऊन निघतो. पिल्लं, माद्या ठीक, पण थोराड नराच्या खांद्यावर कातडीखाली चिवट जाड थर असतो, चिलखतच म्हणा ना, त्यात ५५ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) हलकी गोळी वरच्यावर फुटून गेली की जनावर जखमी होऊन झाडीत, मग शोधा अंधारात! त्याहून मोठ्या .३०८ काडतुसाची १५० ग्रेनची गोळी आरपार जाते, रायफलीचा खांद्याला बसणारा धक्का झेपत नसेल तर ६.५ क्रीडमूर काडतूस घ्या. आणि डुकराचं हृदय हरणापेक्षा खाली न पुढे असतं, हे तर कोणी सांगतच नाही.

बाकी आपल्या इंदूरच्या मंडळींनी चोरलच्या जंगलाकडे बघत उगाच हात शिवशिवू देऊ नयेत, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, घरातल्या .३१५ रायफलीचं लायसन्स म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. लेखकाने गोळी कोणत्या बनावटीची घ्यायची तेच गाळलंय, त्यावर लिहा की जरा.