म्हणे, गेमने समाजाचं काय भलं केलं!

‘जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगला रोग ठरवलं. चीनने बंदी घातली. आपल्याकडेही कायदा आला. आजवर एका तरी गेमने समाजाचा एखादा प्रश्न सोडवलाय? आजच मुलांच्या मोबाइलमधले सगळे गेम काढा!’ हा मेसेज आमच्या आत्याकडे पोचला आणि तिने नातवाचा टॅब कपाटात कोंडला. पोरगं माइनक्राफ्टमध्ये, म्हणजे ठोकळे रचून हवं ते बांधायच्या गेममध्ये, सोसायटीचं पार्किंग बांधत होतं.

कायदा आलाय, २०२५ मध्ये. पण बंदी पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर आहे. ई-स्पोर्ट्सना, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळल्या जाणाऱ्या व्हिडिओ गेमना, त्याच कायद्याने मान्यता दिलीय. चीनमध्ये २०२१ पासून अठराच्या आतल्यांना शुक्रवार ते रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री ८ ते ९ खेळता येतं. जाचक आहे, पण बंदी नव्हे.

रोगाचं म्हणाल तर थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. संघटनेच्या आजारांच्या यादीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे. पण खेळण्यावर ताबाच राहिला नाही, अभ्यास, नाती सगळं कोलमडलं आणि हे साधारण वर्षभर चाललं, तर. रोज तासभर खेळणाऱ्याला नव्हे.

आता तो ‘एका तरी गेमने’वाला दिव्य सवाल. ज्या माइनक्राफ्टवर आत्याचा राग, त्यातच यूएन-हॅबिटॅट ही संयुक्त राष्ट्रांची शहरं-वस्त्यांसाठी काम करणारी संस्था २०१२ पासून वस्तीतल्या लोकांकडून मैदानं, चौक यांचे आराखडे करून घेते. नकाशा वाचता न येणारी बाईही दिवा कुठे हवा ते ठोकळा ठेवून दाखवते.

आणि ‘बॅड न्यूज’? केंब्रिजच्या संशोधकांनी एका डच गटासोबत २०१८ मध्ये काढलेला गेम. यात खोट्या बातम्या तुम्हीच पसरवायच्या : मोठ्या संस्थेचं नाव वापरा, लोकांना घाबरवा, भांडणं लावा. फॉलोअर वाढत जातात, मात्र फारच थापा मारल्या की विश्वासार्हतेचा काटा घसरतो. सुमारे १५,००० खेळाडूंना खेळाआधी आणि नंतर मथळे दाखवले, तेव्हा खोट्या मथळ्यांवरचा विश्वास सरासरी २१ टक्के घटलेला दिसला. खऱ्यांवरचा फारसा हलला नाही. हे खेळाडू आपणहून आलेले होते आणि तुलनेला न खेळलेला गट नव्हता, म्हणून याला रामबाण म्हणणार नाही. पण ‘एकाही गेमने नाही’ म्हणणाऱ्याला एवढं पुरे.

मोठ्या संघटनेचं नाव, पोरांची भीती, वर ‘आजच काढा’. मेसेज लिहिणाऱ्याने हा गेम पहिल्या फटक्यात जिंकला असता. फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतो. पुढचा फॉरवर्ड ढकलण्याआधी ग्रुपवरच्या काका-मामांनी एक डाव टाकून बघावा.