एकतीस फोटो आणि एक खुर्ची

कंपनीच्या कामानं परगावी गेलो की लॅपटॉपच्या बॅगेत, चार्जरखाली, माझा जुना फिल्म कॅमेरा असतो. मीटिंग तीनची होती आणि मी दीडलाच मोकळा. प्रस्तावना एवढीच, डोकं अजून तापलेलं आहे.

एका भिंतीवर जिन्याच्या कठड्याची सावली पडली होती, कोरून काढल्यासारखी. ब्लॅक अँड व्हाइटवाल्याला अशी सावली दिसली की त्याचं काही खरं नसतं. ४०० ची, म्हणजे प्रकाश चटकन टिपणारी फिल्म, कडक ऊन. भिंगाचं छिद्र बारीक, एफ १६; शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागापुरतं, १/५००; खट्!

"डिलीट करा."

मागे वळलो. खांद्यावर प्लास्टिकची खुर्ची घेतलेले एक गृहस्थ.

"काय डिलीट करू?"

"माझा फोटो."

"काका, तुम्ही तर माझ्या पाठीमागे होतात."

"मग दाखवा."

"दाखवता येत नाही. यात रोल आहे."

त्यांनी खुर्ची फुटपाथवर मांडली, डुगडुगत नाही ना ते हलवून पाहिलं आणि बसले. न्यायमूर्ती स्थानापन्न, आरोपी उभा. माझा कॅमेरा हातात घेऊन त्यांनी उलटा केला.

"स्क्रीन कुठंय?"

"नाही."

"फुटली?"

"नव्हतीच."

"मग काय आलंय ते कळतं कसं?"

"रोल धुतल्यावर."

"आणि वाईट आला असला तर?"

"तर वाईट आला."

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. हाच प्रश्न घरीही होतो आणि त्याला माझ्याकडे आजवर उत्तर नाही. मग त्यांना कॅमेऱ्याच्या पाठीवर खोचलेला फिल्मच्या खोक्याचा तुकडा दिसला.

"हे ४०० काय? चारशे फोटो काढलेत?"

"तो फिल्मचा वेग आहे."

"भिंतीचा फोटो काढायला वेग कशाला?"

एव्हाना सात-आठ माणसं जमली होती. त्यातला एकही माझ्या बाजूचा नव्हता. आणि सकाळी याच रोलसाठी मी विमानतळावर तो यंत्रात न घालता हातानंच तपासा म्हणून गयावया केली होती. बॅगा तपासणारी नवी सीटी यंत्रं न धुतलेली फिल्म धुरकट करतात. चेक-इन सामानात तर ती टाकायचीच नाही. यंत्रातून वाचवलं, खुर्चीतून नाही.

पावणेतीन झाले. मी कॅमेऱ्याची पाठ उघडली आणि भर उन्हात फिल्म ओढली. एकतीस फोटो गेले. यातली मेख अशी, की काढलेले फोटो कॅसेटबाहेर, कॅमेऱ्यातल्या उघड्या रिळावर असतात, ते मरतात. न काढलेले पाच कॅसेटच्या, म्हणजे फिल्मच्या बंद डबीच्या, अंधारात सुखरूप!

गृहस्थ समाधानानं उठले. फोन काढून "रेकॉर्डला असू दे" म्हणत माझा फोटो घेतला, खुर्ची खांद्यावर टाकली आणि गेले.

मीटिंगमध्ये नवव्या स्लाइडला सुचलं: आधी रोल कॅसेटमध्ये रिवाइंड करून मग पाठ उघडली असती, तर रिकामा कॅमेरा पाहूनही ते तितकेच समाधानी झाले असते. समोरचे विक्रीचे आकडे सांगत होते आणि मी टेबलाखाली रिवाइंडची काल्पनिक कळ फिरवत होतो.

घरी येऊन तरीही रोल धुतला. रिळावर अगदी आत गुंडाळलेले दोन फोटो अर्धेमुर्धे वाचलेत: हॉटेलचा पडदा आणि माझा बूट. त्या गृहस्थांच्या फोनमध्ये मात्र मी स्वच्छ आलो असणार. तोंड उघडं, हातात फिल्मचा गुंता, आणि कान लालबुंद. त्यांचा फोटो रंगीत आहे.